पावती कुठल्या युनियनची फाडायची?

या वेळी पत्रांमध्ये आणि व्हॉट्सॲपवर युनियनबद्दलचे प्रश्न इतके आले की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेतो. चार प्रश्न निवडलेत, नावं कुणाचीच छापत नाही कारण कामावर त्रास व्हायला नको.

प्रश्न : नमस्कार काका. मी चाकणजवळ गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत परमनंट आहे. आम्ही १८० परमनंट, आणि कंत्राटी, ट्रेनी मिळून चारशेच्या वर. युनियन करायचं ठरतंय पण एक ग्रुप म्हणतो इंटर्नलच, म्हणजे आपल्या कंपनीपुरतीच, बरी, दुसरा म्हणतो मोठ्या झेंड्याखाली जाऊ, आणि मेंटेनन्सवाले म्हणतात आमचं काम वेगळं, आमची वेगळीच हवी. युनियनचे नक्की प्रकार किती आणि त्याने फरक काय पडतो?

झेंड्याचं नंतर बघा. आधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर लिहा की आपल्या युनियनचा मेंबर कोण होऊ शकतो आणि कोण नाही, आणि आपला करार कुठल्या टेबलावर होणार, कंपनीच्या, उद्योगाच्या की अख्ख्या देशाच्या. युनियनचे जे प्रकार सांगितले जातात ना, धंदेवार म्हणजे एका हुन्नराची, उद्योगवार, कंपनीपुरती, सर्वसाधारण म्हणजे कुठल्याही कामाचा माणूस घेणारी, ते सगळे या दोन ओळींच्या उत्तरातून निघतात.

तुमचे मेंटेनन्सवाले म्हणतात ती सगळ्यात जुनी पद्धत, एका हुन्नराची माणसं एकत्र, बाकीचे बाहेर. इंग्लंडमध्ये १८५१ ला इंजिनियरिंगच्या कारागिरांनी अमॅल्गमेटेड सोसायटी ऑफ इंजिनियर्स काढली ती अशीच होती, वर्गणी जबरदस्त, आत यायचं तर उमेदवारी पूर्ण केलेली पाहिजे, आणि ताकद कशात तर हे काम दुसऱ्या कुणाला येत नाही यात. अमेरिकेतही १८८६ पासून अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरमध्ये अशाच धंदेवार युनियनांचा जोर होता. पण पुढे मोठे मोटार कारखाने आणि स्टीलचे कारखाने आले, लाइनवर हजारो माणसं, त्यात हुन्नर कुणाचा आणि बिगारी कोण हे वेगळं काढणार कसं? शेवटी खाण कामगारांचे पुढारी जॉन लुईस यांनी १९३५ मध्ये वेगळी चूल मांडली, म्हणाले एका कारखान्यातली सगळी माणसं एका युनियनमध्ये, झाडूवाल्यापासून टूलरूमपर्यंत. ती दोन घराणी परत एकत्र यायला १९५५ उजाडलं. जर्मनीत तर युद्धानंतर एक कारखाना एक युनियन हेच सूत्र धरलं, त्यामुळे तिथे गाड्यांच्या कारखान्याच्या कॅन्टीनमधला माणूसही धातू कामगारांच्या आयजी मेटाल या युनियनमध्येच बसतो.

आपल्याकडे दोन्ही पद्धती शेजारी शेजारी बघायच्या असतील तर रेल्वे बघा. एकीकडे ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशन, ज्यात रुळांवर राबणाऱ्या गँगमनपासून क्लार्कपर्यंत सगळे, आणि दुसरीकडे गाडी चालवणाऱ्यांची, स्टेशन मास्तरांची, गार्डांची आपापली कॅटेगरीची संघटना. १९७३ मध्ये लोको रनिंगवाल्यांनी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्यांनी, एकट्यांनी संप केला आणि दहा तासांच्या ड्युटीचं आश्वासन पदरात पाडून घेतलं, कारण इंजिन थांबलं की सगळंच थांबतं. मग पुढच्याच वर्षी, ८ मे १९७४ ला, जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली सगळ्या कॅटेगरीज एकत्र आल्या आणि वीस दिवस देश हलला. म्हणजे छोट्या हुन्नराच्या युनियनला नेमकी जागा दाबता येते हे खरं, पण तेवढ्याने गँगमनचा पगार वाढत नाही.

आणि एक गोष्ट मेंटेनन्सच्या पोरांना नक्की सांगा, कामाची म्हणून आखलेली हद्द नेहमी कामाचीच असते असं नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे दलित कामगारांना घेत नसत, कारण तुटलेला धागा जोडताना तो तोंडाने ओला करावा लागायचा आणि बाकीच्यांना विटाळ वाटायचा. त्यांना खालच्या पगाराच्या खात्यांत ठेवलं जायचं. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघड मांडला, की ज्या एकीच्या गप्पा मारता त्या एकीत आमचा माणूस त्या खात्यात का नाही. अहमदाबादच्या मजूर महाजन या गिरणी कामगारांच्या संघटनेतही विणकरांची युनियन वेगळी, सूतकताईवाल्यांची वेगळी, आणि वर त्यांचा एक महासंघ, अशी रचना होती. ही रचना चालायची, चांगलीही चालायची, पण खात्यांच्या भिंतींबरोबर जातीच्या भिंतीही तशाच राहिल्या. म्हणून वेगळी युनियन पाहिजे असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, बाहेर कोण राहणार?

आता इंटर्नल. मी स्वतः भोसरीच्या एका इंजिनियरिंग कंपनीत अकरा वर्षं इंटर्नल युनियनचा कमिटी मेंबर होतो म्हणून मनापासून सांगतो, इंटर्नलचे फायदे खरे आहेत. अध्यक्ष तुमच्याच लाइनवरचा, त्याला प्रत्येक मशीनचा सायकल टाइम माहीत, करार करताना ऑर्डर किती आलीय हे त्याला बाहेरून विचारावं लागत नाही, कुणी बाहेरचा येऊन आपला संप दुसऱ्याच हिशोबात वापरेल ही भीती नाही. जपानमध्ये बहुतेक युनियना अशाच कंपनीपुरत्या आहेत. आमचे तीन करार झाले, तिन्ही चांगले. पण मग मॅनेजमेंटने नवीन प्रॉडक्टची लाइन दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला नेली आणि आमच्याकडे बसून राहायचं काम उरलं, तेव्हा कळलं की त्या प्लांटमध्ये आपल्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. आमची युनियन गेटपाशी सुरू व्हायची आणि गेटपाशीच संपायची. आम्ही रात्र रात्र बसून निवेदनं लिहिली, पण ज्या माणसांशी बोलायला हवं होतं त्यांचा फोन नंबरसुद्धा आमच्याकडे नव्हता. ते अजून लागतं मनाला.

याच्या अगदी उलटं टोक म्हणजे बँका. ऑल इंडिया बँक एम्प्लॉईज असोसिएशन १९४६ ला कलकत्त्यात स्थापन झाली, आज कर्मचाऱ्यांच्या पाच आणि अधिकाऱ्यांच्या चार अशा नऊ संघटना मिळून युनायटेड फोरम ऑफ बँक युनियन्स आहे आणि ती इंडियन बँक्स असोसिएशनशी एकच करार करते. गडचिरोलीच्या शाखेतला क्लार्क आणि फोर्टच्या शाखेतला क्लार्क, बँक वेगळी असली तरी मूळ पगाराचं कोष्टक एकच. हे कंपनीपुरत्या युनियनला कधीच जमणार नाही. पण त्यात तुमच्या शाखेतल्या बारीक तक्रारीला वरपर्यंत जायला वेळ लागतो, हेही आहे.

मधला रस्ता बरेच जण घेतात, युनियन आपली स्वतंत्र नोंदवायची, पदाधिकारी आपले, घटना आपली, आणि मग एखाद्या केंद्रीय संघटनेशी किंवा त्या उद्योगाच्या फेडरेशनशी संलग्न व्हायचं. संलग्न म्हणजे विलीन नाही, हे गेट मीटिंगला नीट समजावून सांगा. वरती आयटक आहे जी ३१ ऑक्टोबर १९२० ला मुंबईत स्थापन झाली, लाला लजपतराय पहिले अध्यक्ष, मग इंटक १९४७ ची, हिंद मजदूर सभा १९४८ ची, भारतीय मजदूर संघ १९५५ चा, सीटू १९७० ची. यांच्यातला विचारांचा फरक मोठा आहे पण रचना बघितली तर सगळीकडे तीच तीन मजल्यांची इमारत, खाली कारखान्याची युनियन, मध्ये उद्योगाचं फेडरेशन, वर केंद्रीय संघटना. पैसा खाली गोळा होतो, वकील, अभ्यास, दिल्लीतलं वजन वरून येतं.

माझं मत विचाराल तर तुमच्या कंपनीत खरा प्रश्न इंटर्नल की एक्स्टर्नल हा नाहीच. १८० जण आत आणि चारशे बाहेर, हा आहे. उद्या तुम्ही संपावर गेलात तर लाइन कोण चालवणार ते तुम्हालाही माहीत आहे आणि एचआरलाही. घटना लिहितानाच कंत्राटी पोरांना सभासद होता येईल असं कलम घाला, आणि ते शक्य नाही असं वकील म्हणाला तर त्यांची वेगळी युनियन उभी करायला स्वतः मदत करा. मुंबई महापालिकेच्या कचऱ्याच्या गाड्यांवरच्या कंत्राटी कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघ अशी आपली युनियन केली, वर्षानुवर्षं कोर्टात लढले आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टातून २,७०० जणांच्या कायम नोकरीचा निकाल घेऊन आले.

आकड्यांचं थोडक्यात. अर्जाला सही करायला सात सभासद लागतात, पण नोंदणीच्या दिवशी तिथल्या कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी तेवढे सभासद पाहिजेत. नोंदणी झाली म्हणजे मान्यता मिळाली असं नाही, इथेच बरेच जण फसतात! मान्यता म्हणजे कराराच्या टेबलावर बसायचा हक्क. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात, ज्याला आपण सगळे एमआरटीयू म्हणतो, मान्यतेसाठी सहा महिने सलग तीस टक्के सभासद दाखवावे लागतात आणि आस्थापनेत पन्नास तरी कर्मचारी पाहिजेत. केंद्राची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केली आहे, तिच्यात एकापेक्षा जास्त युनियना असतील तर ५१ टक्केवाली एकटी वाटाघाटी करते, तेवढे कुणाकडेच नसतील तर किमान वीस टक्केवाल्यांची मिळून कौन्सिल बसते. तुमच्या केसला कुठला आकडा लावायचा ते अर्जाआधी लेबर ऑफिसात आणि कामगारांची बाजू घेणाऱ्या वकिलाकडे जाऊन पक्कं करून घ्या, पण काहीही झालं तरी १८० जण तीन तुकड्यांत वाटले गेले तर कुणाच्याच हाती काही लागणार नाही.

प्रश्न : आमचे आजोबा परळच्या गिरणीत साचेवाले. घरात सगळे सांगतात की ते डॉक्टर सामंतांच्या संपात शेवटपर्यंत होते. पण माळा आवरताना वर्गणीच्या जुन्या पावत्या सापडल्या त्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाच्या! आजोबा नक्की कुणाचे होते?

आजोबा डॉक्टरांचेच असणार, आणि पावत्याही खऱ्याच. तुमच्या पत्राने मला गलबलून आलं कारण गिरणगावात अशी हजारो घरं होती.

याचं उत्तर १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात आहे, ज्याला लोक बीआयआर म्हणायचे. त्या कायद्याने युनियनची गणती एकेका गिरणीत केली नाही, एका भागातला अख्खा उद्योग एक धरला. म्हणजे मुंबईतल्या साऱ्या कापड गिरण्या मिळून एक, आणि त्या सगळ्यांतल्या कामगारांपैकी पंचवीस टक्के सभासद ज्या युनियनकडे ती प्रातिनिधिक युनियन. ती एकच असायची. करार तिने करायचा, कोर्टात तिने उभं राहायचं, आणि तिने केलेला करार सगळ्यांना लागू, जे तिचे सभासद नाहीत त्यांनासुद्धा. हा मान इंटकशी संलग्न असलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. मग गिरणीत तुमच्या आजोबांना काही अडचण आली, बदली, सस्पेन्शन, काहीही, तर ज्याला सही करायचा हक्क त्याच्याच ऑफिसची पायरी चढावी लागणार, आणि तिथे पहिला प्रश्न पावतीचा.

ही रचना मुळात वाईट हेतूने केली होती असं मी म्हणणार नाही. एका उद्योगाला एक आवाज असला की मालक गिरण्या गिरण्यांमध्ये भांडणं लावू शकत नाही, आणि स्वातंत्र्याच्या सुमाराला मुंबईतल्या गिरण्यांच्या पगारांचं जे प्रमाणीकरण झालं, म्हणजे एकाच कामाला सगळीकडे एकच दर, ते उद्योग एक धरल्यामुळेच. दोष दुसरीकडे होता. एकदा मिळालेला मान काढून घ्यायचा तर दुसऱ्या युनियनने पंचवीस टक्क्यांच्या पुढचे सभासद कागदावर सिद्ध करायचे, आणि गुप्त मतदान घेऊन कामगाराला सरळ विचारायची सोय नाही. कामगाराचं मन कुठे आहे हे मोजायचं मापच नव्हतं, फक्त पावत्या मोजायच्या.

डॉक्टर दत्ता सामंत आले ते वेगळ्या रचनेतून. घाटकोपरचे डॉक्टर, आधी दगडखाणीतल्या मजुरांत काम, मग इंजिनियरिंग आणि केमिकलच्या कंपन्या, एकेक कंपनी घ्यायची, तिथे मोठी पगारवाढ मिळवायची, पुढच्या कंपनीत जायचं. कंपनीपुरता संप असला की मालकाची ऑर्डर शेजारचा पळवतो म्हणून मालक लवकर नमतो. गिरण्यांमध्ये ही पद्धत चालेना कारण समोर एक मालक नव्हता, मालकांची संघटना होती, काही गिरण्या आधीच आजारी, गोदामात न विकलेला माल पडलेला, आणि भिवंडीचे यंत्रमाग कापड काढायला तयार. १८ जानेवारी १९८२ ला साठेक गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगाराइतकीच मोठी मागणी होती बीआयआर कायदा रद्द करा आणि आमच्या युनियनशी बोला. सरकार म्हणालं कायद्याने आम्ही फक्त प्रातिनिधिक युनियनशीच बोलू शकतो. म्हणजे ज्यांच्या मागे कामगार होते त्यांना सही करता येत नव्हती आणि ज्यांना सही करता येत होती त्यांच्या मागे कामगार नव्हते. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, माणसं गावाला गेली, काही परत आली, बरीच आलीच नाहीत.

काही लोक अजूनही म्हणतात की संप डॉक्टरांच्या हट्टापायी फसला, काही म्हणतात मालकांना गिरण्यांच्या जमिनीच हव्या होत्या. मला वाटतं दोन्हींबद्दल बोलताना ही कायद्याची चौकट विसरली जाते. त्या पावत्या फेकू नका हो, प्लॅस्टिकमध्ये घालून नीट ठेवा.

प्रश्न : माझी आई सोलापुरात चार घरी धुणंभांडी करते, वडील मार्केट यार्डात हमाली करायचे. कॉलेजात शिकवतात की युनियन म्हणजे कामगार विरुद्ध मालक. आईचा मालक कोण? अशा लोकांची युनियन होते तरी कशी?

बाळा, हाच प्रश्न १९७२ मध्ये अहमदाबादला सरकारी ऑफिसात निघाला होता. इलाबेन भट्ट सेवा या संघटनेची नोंदणी करायला गेल्या, सभासद कोण तर डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, घरी बसून शिवणाऱ्या बायका. अधिकारी म्हणाले यांना मालकच नाही, मग युनियन कुणाविरुद्ध? सेवाच्या बायकांनी उत्तर दिलं की युनियन कुणाविरुद्ध असावीच लागते असं कुठे आहे, ती कामगारांच्या एकीसाठी असते. त्याच वर्षी नोंदणी झाली.

अशा युनियनची हद्द कारखान्याच्या गेटने ठरत नाही, ती बाजाराने, वस्तीने, कामाने ठरते. तुझ्या वडिलांच्या धंद्यात तर महाराष्ट्राने साऱ्या देशाला दाखवून दिलंय. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांना एकत्र केलं, आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. त्यातली युक्ती अशी की मालक एक नसेल तर मंडळ उभं करा. व्यापाऱ्यांनी मंडळाकडे नाव नोंदवायचं, हमालांच्या टोळ्यांनीही नोंदवायचं, व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे ठरलेली जादा रक्कम, मंडळात भरतो, आणि मंडळ मजुरी, प्रॉव्हिडंट फंड, बोनस देतं. आज या व्यापाऱ्याचा ट्रक, उद्या त्याचा, पण हमालाचं खातं एकच. वडिलांचं माथाडी मंडळात नाव होतं का, हे आधी विचार, कारण असेल तर त्यांचे फंडाचे पैसे राहिलेले असू शकतात.

पुण्यातल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने १९९३ पासून कचरा वेचणाऱ्या बायकांना ओळखपत्रं मिळवून दिली आणि २००८ मध्ये त्यातूनच स्वच्छ ही सहकारी संस्था निघून महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करायचं काम घेतलं. म्हणजे युनियनही आणि पोटापाण्याची संस्थाही. आईसारख्या बायकांना एका घरात एकटीने रेट वाढवून मागितला तर उद्या दुसरी येते, म्हणून इथे युनियन म्हणजे एका सोसायटीतल्या, एका गल्लीतल्या सगळ्या जणींनी मिळून ठरवलेला रेट आणि महिन्याच्या सुट्ट्या. घरकामगारांसाठी राज्यात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, नोंदणी कामगार खात्यात होते, आईला घेऊन जा.

प्रश्न : आमच्या युनियनमध्ये बाहेरचा वकील अध्यक्ष होऊ शकतो का? आणि वर्गणी किती ठेवावी?

होऊ शकतो. संघटित क्षेत्रात बाहेरचे पदाधिकारी एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यातला कमी आकडा असेल तेवढेच, असंघटित क्षेत्रात निम्म्यापर्यंत चालतात. बाहेरच्याला अध्यक्ष करा हवं तर, पण सरचिटणीस आणि खजिनदार आतलेच ठेवा, कारण कागद आणि पैसा रोजच्या रोज हाताशी लागतो.

वर्गणीचा १९२६ च्या कायद्यातला कमीत कमी आकडा वर्षाला बारा रुपये होता, तेवढ्यात स्टेशनरीसुद्धा येत नाही. आम्ही एका दिवसाच्या पगाराच्या हिशोबाने वर्षाची वर्गणी घ्यायचो आणि करार झाल्यावर वेगळा फंड. पगारातून परस्पर कापून घ्यायची सोय मॅनेजमेंट देत असेल तर घ्या, पण खात्यात फिरून हाताने वर्गणी गोळा करायची सवय सोडू नका, त्या दोन मिनिटांत माणूस काय काय बोलून जातो. पावतीपुस्तकं नंबर घालून छापा आणि वर्षाचा हिशोब ऑडिट करून वेळेत रजिस्ट्रारकडे पाठवा.